मेजावरची भाकर

परळच्या आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रभुभोजन व्हायचं. त्याची भाकर मार्थाबाई खरात भाजायच्या. आम्ही तिला भाकर म्हणायचो, पण ती असायची गव्हाची, बिनखमिराची, जाडसर, मंद आचेवर शेकलेली. पाळकसाहेब प्रार्थना करून ती मोडत. मग नखाएवढे तुकडे ताटात घालून बाकांवरून फिरवले जात आणि जो तो एक उचलून तोंडात टाकी. सोबत छोट्या पेल्यात रस, द्राक्षारसाच्या जागी. तोही मार्थाबाईंच्या हातचा. मुंबईत दारूबंदी होती आणि ताजी द्राक्षं आमच्या चर्चच्या मंडळीला परवडत नव्हती. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी काळ्या मनुका भिजत घालायच्या, पहाटे उकळायच्या आणि फडक्यातून पिळून घ्यायच्या, अशी त्यांची रीत होती.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की त्या मेजाशी, म्हणजे प्रभुभोजनाला, पुण्यवान माणसं येतात असं आम्ही मानत नाही. क्षमा मिळालेली माणसं येतात असं मानतो. आणि मनात कुणाविषयी गाठ असेल, तर आधी ती सोडवून यावं आणि मग हात पुढं करावा, असा रिवाज आहे. बहुतेक जण तो तोंडदेखला पाळतात. मार्थाबाईंनी तो खरा मानला होता.

मी नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावातून मुंबईला आलो तो प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून. सकाळचं कॉलेज करून बी.ए. व्हायचं मनात होतं. आमच्या घरात तोवर कुणी मॅट्रिकच्या पुढं गेलं नव्हतं. पाळकसाहेबांनी मला लालबागच्या एका चाळीत मार्थाबाईंच्या खोलीवर नेलं आणि म्हणाले, "बाई, हे आपल्यातलेच आहेत. कोपरा द्याल का यांना?"

मार्थाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, जेवलात का?"

मी हो म्हणालो. ते खोटं होतं आणि ते त्यांना लगेच कळलं. पुढं आलेल्या ताटात भाताचा डोंगर होता. मी हात आडवा धरला तेव्हा त्या म्हणाल्या, "सपाट माप दुकानदाराचं, मास्तर. देवाचं माप शिगेचं असतं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवसभर मसाला कुटायच्या डंकावर मिरच्या निवडायच्या. नवरा गिरणीत होता, तो क्षयानं गेला, तेव्हापासून त्या तिथं लागल्या होत्या. सुट्टा मसाला मापून द्यायची वेळ आली की त्या मापावर शीग चढवायच्या आणि मालक ओरडायचा, "मार्थाबाई, दुकान माझं आहे, तुमच्या देवाचं नाही." त्या बोटानं शीग सपाट करायच्या. दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुन्हा तेच.

त्या डंकामुळे एकदा सगळ्या मंडळीची फजिती झाली होती. शनिवारी मिरची जास्त निवडावी लागली आणि बाईंनी हात नीट न धुता कणीक मळली. रविवारी ताट फिरलं आणि बाकाबाकावर माणसं ठसकायला लागली. म्हाताऱ्या पवारबाबांच्या डोळ्यांतून धारा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय ही भक्ती. उपासनेनंतर मार्थाबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. पाळकसाहेब म्हणाले, "राहू द्या बाई. प्रभूचं दुःख आज पहिल्यांदाच जिभेला कळलं." तेव्हापासून भाकरीच्या आदल्या रात्री त्या चिंच आणि राख लावून कोपरापर्यंत हात घासायच्या. कातडी लाल व्हायची. शाम हसायचा, "आई, देवाला चालतंय गं थोडं तिखट."

शाम म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. नाव शमुवेल, पण चाळीसाठी शाम्या. गिरणीत बदलीवर लागला होता. मिळेल त्या दिवशी काम, एरवी जिन्यात बसून गप्पा. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. सगळ्या गिरणगावासारखा तोही पेटलेला. संध्याकाळी सभेहून आला की खोलीत घोषणा द्यायचा, "मुंबई आमची!"

मार्थाबाई चुलीपुढून म्हणायच्या, "तुझी आहे ना? मग तिच्यातलं दोन बादल्या पाणी भरून आण."

तो हसत हसत बादल्या उचलायचा.

दानियल पारधे आमच्याकडे आला तो मनुकांमुळेच. कुणीतरी चौकीवर कळवलं की खरात बाई शनिवारी घरात काहीतरी आंबवते आणि पहाटे गाळते. बंदीचे दिवस, संशयाला तेवढं पुरे. रविवारी पहाटे दारात एक तरुण शिपाई उभा. पातेलं चुलीवर, खोलीभर गोड वास. शेजारचे परब, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असलेले मालवणी गृहस्थ, गॅलरीतून गंमत बघत म्हणाले, "घेवन जावा हवालदार, म्हातारी सराईत आसा."

शिपायानं पातेल्यात डोकावून पाहिलं. मग कोपऱ्यातली भाकर पाहिली. मग हळूच टोपी काढून काखेत धरली.

"मेजाचा रस आहे का, मावशी?"

"तुला काय ठाऊक मेज?"

"माझी आई करायची. गावाकडं." तो राहुरीकडचा निघाला. आई वारलेली. मुंबईत येऊन वर्ष झालं तरी चर्चची पायरी चढला नव्हता. मार्थाबाईंनी त्याला खाली बसवलं, चहा दिला, दोन पोळ्या दिल्या. वर म्हणाल्या, "छाप्याला आलास, आता उपासनेला चल." तो वर्दीतच आला. तेव्हापासून प्रत्येक रविवारी मार्थाबाईंच्या एका बाजूला शाम आणि दुसऱ्या बाजूला दानियल. शाम त्याला चिडवायचा, "सरकारी माणसा, सभेला येतोस का?" दानियल म्हणायचा, "येतो की रे. पण तुला दांडकं मारायला." दोघं हसायचे. पुढं त्याची बदली हत्यारी तुकडीत झाली, तेव्हा मार्थाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती.

छप्पनचा जानेवारी आला. काय झालं ते मुंबईला ठाऊक आहे. रस्त्यांवर दगड, अश्रुधूर, संचारबंदी, गोळीबार. आम्ही चाळीत कोंडून बसलो होतो. एका शनिवारी दुपारी थोड्या वेळासाठी संचारबंदी उठली. दूध आणि धान्य घ्यायला माणसं धावली. दुसऱ्या दिवशी मेजाचा रविवार होता आणि घरात मनुका नव्हत्या.

"शाम, पटकन जाऊन ये. नाक्यावरच्या शेटचं दुकान उघडं असेल. इकडंतिकडं बघू नको."

"उद्या उपासना होईल का आई, अशा दिवसांत?"

"होईल. का नाही होणार?"

तो चप्पल घालून गेला. थोड्या वेळानं आवाज आले, फटाक्यांची माळ ओली असावी तसे. मार्थाबाई त्या वेळी कणीक चाळत होत्या. त्यांचे हात थांबले. मग त्या पुन्हा चाळू लागल्या.

शामला चाळीतल्या माणसांनीच उचलून आणलं. रविवारी चर्च उघडलंच नाही. मनुका लागणारच नव्हत्या.

चाळीनं शामला हुतात्मा केलं. मोर्च्याच्या पुढं छाती काढून उभा होता, घोषणा देत होता, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. खालच्या दारावर त्याचा फोटो लागला आणि रोज कुणी ना कुणी हार घालू लागलं. त्या माणसांची माया खरी होती. मी ती पाहिली आहे. परबांच्या बायकोनं तेरा दिवस मार्थाबाईंच्या घरात चूल पेटू दिली नाही. जेवण तिच्याकडून यायचं. मार्थाबाई फोटोपुढून जाताना मान वर करीत नसत.

मग बातमी आली, की त्या दुपारी नाक्यावर ज्या तुकडीनं गोळी झाडली तिच्यात दानियल पारधे होता.

पाळकसाहेब हे सांगायला घरी आले. मार्थाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याचीच गोळी?"

"ते कोण सांगणार, बाई? बरेच जण होते."

"मग मी क्षमा कुणाला करायची, साहेब? गोळीला नाव नसतं."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि ते निघून गेले.

पुढच्या मेजाला भाकर आली. चिंच-राख लावून, हात लाल करून भाजलेली, नेहमीसारखी. पण ताट मार्थाबाईंपुढं आलं तेव्हा त्यांनी ते तसंच पुढं सरकवलं. पुढच्या महिन्यातही तेच. भाकर करायची, सगळ्यांना खायला द्यायची आणि स्वतः हात लावायचा नाही. दानियल उपासनेला येऊन बाहेरच्या पायरीवर बसायचा. आत यायचा नाही आणि कुणी त्याला बोलवायचंही नाही. लोक म्हणू लागले, बाईंच्या मनातून तो जात नाही. मलाही तसंच वाटायचं. मी त्याच खोलीत राहत होतो, तरी मला काही कळलेलं नव्हतं.

पावसाळ्याआधीचा एक शनिवार. मी परीक्षेसाठी वाचत बसलो होतो. मार्थाबाई डंकावरून नुकत्याच आल्या होत्या. दारात दानियल उभा राहिला, साध्या कपड्यांत. त्यानं नोकरी सोडल्याचं आम्ही ऐकलं होतं. त्याच्या मागोमाग परब धावत आले.

"ह्या चाळीत पाय ठेवलंस तर तंगडी मोडून हातात दीन तुझी!"

मार्थाबाई उंबऱ्यात आल्या. "परब, घरचा पाहुणा आहे."

"गे बाय, तुझ्या झिलाक मारल्यान ह्येनी!"

"माझ्या घरचा आहे म्हटलं ना."

परब तिथंच उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शामला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. मार्थाबाईंनी दार लोटून घेतलं.

दानियल खाली बसला नाही. त्यानं खिशातून एक कागदी पुडी काढली आणि जमिनीवर ठेवली. दोऱ्यानं बांधलेली, एका अंगानं चुरगळलेली.

"हे माझ्याकडं राहिलं होतं, बाई."

मार्थाबाई पुडीकडे पाहत राहिल्या. पुडी उघडायची गरज नव्हती.

"नाक्यावर पडली होती," तो म्हणाला. "एवढ्या गडबडीत मनुका कोण आणतंय? शनिवारी मनुका आपल्यातलंच माणूस घेतं. मी पुडी पाहिली आणि मग वळून तोंड पाहिलं. तोवर मला ठाऊक नव्हतं कोण आहे ते."

बाहेर नळावर बायकांची भांडणं चालली होती.

"कुणीकडं तोंड होतं त्याचं?" मार्थाबाईंनी विचारलं.

"बाई..."

"सांग."

"घराकडं. पाठमोरा होता."

मार्थाबाई हळूहळू खाली बसल्या. पुडी उचलून त्यांनी ओच्यात घेतली.

"म्हणजे सांगितलं तसंच केलं त्यानं. इकडंतिकडं बघितलं नाही."

दानियल भिंतीला टेकून खाली घसरला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला. "मी झाडली, बाई. माझी लागली की दुसऱ्याची, मला म्हाईत नाही. पण मी झाडली. तुम्ही मला काहीतरी बोला. शिव्या द्या. मला क्षमा नको."

"बाई काय म्हणतोस? आधी मावशी म्हणायचास."

त्यानं नकाराची मान हलवली.

"तुला केव्हाच केली मी क्षमा," मार्थाबाई म्हणाल्या. "पहिल्याच महिन्यात केली, रडत-ओरडत केली, पण केली. ताट पुढं सारते ते तुझ्यामुळं नाही. त्याला पाठवलं कुणी? उपासना होईल की नाही असं त्यानं विचारलं होतं मला. मी म्हणाले, होईल." मग ओच्यातली पुडी चाचपून म्हणाल्या, "मी पाठवलं, तू झाडलीस. आपण दोघं एका ओळीतले. देवानं माफ केलं असंल दोघांनाही, त्याचं माप मोठं आहे. पण मला एकटीला ते गिळवत नाही. उद्या आत ये. खायचं तर दोघांनी मिळून खायचं. तू खाल्लंस की मी खाईन."

त्या संध्याकाळी त्यांनी पुडीचा दोरा सोडला. मनुका ताटात पसरल्या, खडे निवडले, धुतल्या आणि पातेल्यात भिजत घातल्या. मी पुस्तक समोर धरून बसलो होतो. एक अक्षर वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी पेला माझ्या हाती आला आणि मी तो प्यालो. चव नेहमीचीच होती.

दानियल आत आला. मार्थाबाईंच्या शेजारी, शेवटच्या बाकावर. काही जण उठून दुसरीकडे जाऊन बसले. ताट आलं तेव्हा मार्थाबाईंनी एक तुकडा उचलला. नखाएवढ्या तुकड्याचे त्यांनी दोन केले, एक स्वतःकडे ठेवला आणि एक त्याच्या हातावर. त्यानं मूठ मिटली. ती उपासना संपेपर्यंत उघडली नाही. बाहेर पडल्यावर त्यानं तो तुकडा आवारातल्या चिमण्यांना टाकला. मार्थाबाईंनीही आपला टाकला.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही. वर्षं गेली. दानियल दादरला एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाला. नेमानं यायचा आणि त्यांच्या शेजारी बसायचा. मावशी पुन्हा म्हणू लागला. मार्थाबाई त्याला घरी जेवू घालायच्या, ताटात शीग चढवायच्या. तो भात खायचा. तो तुकडा मात्र कधी खाल्ला नाही.

एकदा मी न राहवून म्हणालो, "तो खाणार नाही, बाई. तुम्ही तरी घ्या. किती दिवस उपाशी राहणार?"

त्या मनुकांचे देठ काढत होत्या. "त्यानं घ्यायचं की नाही, ते त्याचं. देणं माझं. आईनं ताट वाढायचं थांबवलं असं कुठं असतं का?"

साठ साली राज्य झालं. चाळीला तोरणं लागली, दिव्यांच्या माळा लागल्या, सनई बसली. परब नवीन धोतर नेसून खोलीवर आले. खाली मांडव घातला होता. शामच्या आईनं व्यासपीठावर बसावं, तिला नारळ आणि शाल द्यावी, असं सगळ्या चाळीचं ठरलं होतं.

मार्थाबाईंनी विचारलं, "दानियललाही बोलवाल का शेजारी?"

परबांचा चेहरा उतरला. रागानं नव्हे, तर नुसतं जमत नाही म्हणून. "काकी, तां माका सांगू नको. बाकी काय तां सांग."

"बरं. मग माझी शाल तुमच्या घरातच ठेवा. थंडीत घेईन." त्यांनी परबांचा हात हातात घेतला. "तुम्ही रागावू नका. तुमचा हुतात्मा तुमच्याकडं राहू द्या. त्याला हार घाला, मला बरं वाटतं. माझा शाम मनुका आणायला गेलेला आहे."

परबांना ते कळलं नाही. पुडीची गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. ते डोळे पुसत खाली गेले.

त्याच उन्हाळ्यात मी बी.ए. झाल्याचा निकाल लागला आणि गावाजवळच्या हायस्कुलात मला जागा मिळाली. जे काही मी शिकलो ते त्या खोलीतल्या दिव्याखाली, त्यांच्या ताटातलं जेवून शिकलो. त्यांनी निकाल ऐकला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला मिरचीचा वास होता.

पावसाळा संपता संपता मार्थाबाई गेल्या. डंकावर बसल्या बसल्या छातीत कळ आली. मला वेळेत कळलं नाही. पुढं पाळकसाहेबांनी सांगितलं ते असं, की त्यांच्या मातीनंतरच्या पहिल्या मेजाला भाकर दानियलनं भाजली. वेडीवाकडी, एका बाजूनं करपलेली. ताट शेवटच्या बाकाशी गेलं तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं तुकडा उचलला, त्याचे दोन केले आणि दोन्ही खाल्ले.

मी ते पाहिलं नाही. मी पाहिलं ते त्याआधीचं, माझ्या मुंबईतल्या शेवटच्या रविवारचं. उपासना संपली होती. माझी गाडी दुपारची होती, ट्रंक घरी बांधून ठेवली होती. निरोप घ्यायला मी मागं वळलो, तर माणसं निघून गेली होती आणि शेवटच्या बाकावर ती दोघंच बसली होती. दानियलची मूठ मिटलेली होती, गुडघ्यावर. मार्थाबाईंच्या डाव्या हातात त्यांचा अर्धा तुकडा होता. उजव्या हाताची ओंजळ त्यांनी त्याच्या मुठीखाली धरली होती, लहान मुलाला भरवताना सांडू नये म्हणून धरतात तशी. घाई नव्हती त्यांना. झाडूवाला बाक सरकवत त्यांच्यापर्यंत आला, थांबला आणि दुसऱ्या बाजूनं झाडायला लागला.